ब्लॉबी व्हॉली २ : तीन बटणं, एक जाळं आणि सहा महिने

समुद्रकिनाऱ्याचं चित्र, मधोमध जाळं, दोन्ही बाजूंना जेलीच्या गोळ्यासारखा एकेक खेळाडू. डावीकडे जा, उजवीकडे जा, उडी मार. चौथं बटण नाही. मूळ ब्लॉबी व्हॉली हा संगणकावरचा व्हॉलीबॉलचा खेळ जर्मनीत २००० साली डॅनिएल स्कोराझेव्स्की आणि सिल्व्हिओ मॅनेविट्झ यांनी केला. ब्लॉबी व्हॉली २ ही त्याचीच स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेली, मुक्तस्रोत (मूळ कोड सगळ्यांना खुला) आवृत्ती. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवरही अडखळत नाही. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर सॉफ्टवेअरच्या यादीतच 'ब्लॉबी' नावाने मिळतो. प्लेस्टेशन-एक्सबॉक्सच्या दुकानात शोधू नका. मात्र त्यांचा कंट्रोलर संगणकाला जोडून खेळता येतो.

पहिल्या दिवशी हा पोरखेळ वाटतो. चेंडू अंगावर येतो, उडतो, कुठे तरी पडतो. ब्लॉबी, म्हणजे तो जेलीचा खेळाडू, कितीही जोरात धावत आला किंवा नुसता उभा राहिला, तरी त्याच्या अंगाला लागून चेंडू दर वेळी एकाच वेगाने सुटतो, हे ध्यानात येईपर्यंत असंच चालतं. म्हणजे स्मॅशला जादा ताकद नाही. बदलते ती फक्त दिशा, आणि ती ठरते चेंडू अंगाच्या कोणत्या भागाला लागला त्यावरून. ब्लॉबीचं अंग म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन वर्तुळं : वर लहान डोकं, खाली मोठं पोट. ज्या वर्तुळाला चेंडू लागेल त्याच्या मध्यातून चेंडूच्या मध्याकडे रेघ ओढा. चेंडू त्याच रेघेत जातो.

बाकीचं सगळं यातून निघतं. चेंडू डोक्याच्या बरोब्बर मध्यावर घेतला तर सरळ वर जातो आणि त्याच उंचीवर परत यायला नेहमीच्या वेगात साधारण सव्वा सेकंद लागतो. आपल्या मैदानात भिंतीपासून जाळ्यापर्यंत धावायला सेकंदाहून किंचित कमी. म्हणून पहिला टच नेहमी सरळ वर. घाईने तिरका मारलेला पहिला टच हे नवख्यांचे गुण जाण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

स्मॅशबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. चेंडू खाली जायचा असेल तर तो लागताना त्याचा मध्य ब्लॉबीच्या वर्तुळाच्या मध्याखाली हवा, म्हणजे चेंडूच्याही वर चढायचं आणि उतरता उतरता पुढच्या अंगाने, पोटाच्या बाजूने घ्यायचा. वेळ चुकली की चेंडू डोक्यावर बसतो आणि नुसता वर जातो. अंगाच्या फार खालच्या भागाने घेतला तर थेट जाळ्यात. उडीचं बटण दाबून धरलं तर गुरुत्वाकर्षण अर्ध्यावर येतं, त्यामुळे नुसत्या टिचकीच्या उडीपेक्षा धरून मारलेली उडी जवळपास दुप्पट उंच जाते. स्मॅशला धरून, बचावाला टिचकी. जाळ्याशी ब्लॉक करणाऱ्याने मात्र धरू नये, कारण हवेत लटकत राहिलेल्या ब्लॉबीच्या मागे अख्खं मैदान मोकळं पडतं आणि समोरचा जाणता असेल तर डोक्यावरून अलगद प्लेसिंग टाकून मोकळा होतो.

सर्व्हिसला चेंडू अर्ध्या मैदानाच्या मध्यावर हवेत लटकलेला असतो. तुम्ही स्पर्श करेपर्यंत हलत नाही. इथे मैदानाला रेषा नाहीत, दोन्ही टोकांना भिंती आहेत, त्यामुळे आउट हा प्रकारच नाही. ४५ अंशांत मारलेली सर्व्हिस समोरच्या भिंतीला आपटून परत येते आणि जवळजवळ प्रतिस्पर्ध्याच्या मैदानाच्या मध्यातच पडते, म्हणजे त्याच्या ताटातच. त्यापेक्षा चपटी, ३० अंशांच्या आसपासची मारा. तीही भिंतीवरून मध्याकडेच येते, पण जाळ्याला निसटती ओलांडते आणि बरीच लवकर येते. समोरचा अजून मागे धावत असताना चेंडू त्याच्या पुढ्यात पडतो. चूक झाली तर जाळ्याच्या टोकाला लागते. तिथे चेंडूचा वेग पाऊणपट होतो आणि मग तो कुठल्या बाजूला पडेल हा नशिबाचा भाग.

लागोपाठ तीनच टच चालतात. चेंडू अंगाला चिकटल्यासारखा दोनदा लागला तर खेळ अकरा फ्रेमच्या, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सातव्या भागाच्या, आतला दुसरा स्पर्श मोजत नाही, हे चांगलं आहे. पण जाळ्याला भिंत समजून चेंडू त्यावर दाबून नाचवायला गेलात तर हा हिशेब डोळ्यांना कळत नाही आणि चौथा टच होऊन गुण जातो. यावरून होणारी भांडणं थांबवायला रीप्ले साठवायची सोय आहे, वापरा.

जुन्या नियमांत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळतो, नाहीतर नुसता सर्व्हिस चेंज. खऱ्या व्हॉलीबॉलने ही पद्धत पंचवीसेक वर्षांपूर्वी सोडली, पण गावच्या मैदानावर जुने खेळाडू ती अजून आठवतात. १५ गुण आणि दोनची आघाडी असा सामना तुल्यबळांत अर्धा तास रेंगाळतो. मला ते आवडतं. पाहुणे आले असतील तर दुसरा नियम निवडा. नियम लुआ या प्रोग्रामिंग भाषेतल्या साध्या मजकूर फायलींत आहेत. बदल करायचा तर मूळ फाइलला हात लावू नका, नव्या नावाने प्रत करा आणि मेनूतून ती निवडा.

आता तक्रारी. पहिली खेळाची नाही, कीबोर्डची. एकाच कीबोर्डवर दोघे खेळताना डावीकडच्याकडे ए, डी आणि डब्ल्यू, उजवीकडच्याकडे बाणांची बटणं. स्वस्त मेम्ब्रेन (बटणांखाली पातळ पडदा असलेल्या) कीबोर्डला तीन-चार बटणं एकदम दाबलेली कळत नाहीत, आणि ऐन स्मॅशला उडीच होत नाही. हरणारा खेळाला शिव्या घालतो. तपासायचं तर नोटपॅडमध्ये चार ओळी लिहून दोघांनी आपापली बटणं एकदम दाबा. जे अक्षर उमटत नाही किंवा ज्या बाणाने कर्सर हलत नाही तिथे दोष. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दुसरा यूएसबी कीबोर्ड. दोन्ही एकाच संगणकाला जोडले तरी प्रत्येकाची बटणं स्वतंत्र वाचली जातात, त्यामुळे अडथळा जातो. एकाने माउस घेतला तरी चालतं, पण माउसवाल्याला जागा अचूक साधता येते, तेव्हा ते बरोबरीचं मानू नका.

दुसरी तक्रार ऑनलाइनची. सामना सर्व्हरवर चालतो, तुमचं बटण तिथपर्यंत जाऊन उत्तर येईपर्यंत ब्लॉबी हलत नाही. नेहमीच्या वेगात खेळ सेकंदाला ७५ पावलं (फ्रेम) पुढे सरकतो. १०० मिलिसेकंद पिंग (जाऊन येण्याचा वेळ) असेल तर सात-आठ पावलं गेली, आणि तेवढ्यात चेंडू सुमारे शंभर पिक्सेल पुढे गेलेला असतो. ब्लॉबीची रुंदीच ७५ आहे. लांबच्या, म्हणजे युरोपातल्या सर्व्हरवर हात आखडतो तो यामुळे. घरच्या वायफायवर एकाने सर्व्हर चालवला तर त्रास नाही. जोडणी झाली नाही तर आधी फायरवॉल पाहा, १२३४ क्रमांकाचा पोर्ट मोकळा हवा.

एकट्याने खेळणाऱ्यांसाठी बॉट, म्हणजे संगणक चालवतो ते खेळाडू, आहेत, त्यांची ताकद कमी-जास्त करता येते. पूर्ण ताकदीचा बॉट चेंडू कुठे पडणार ते गणिताने काढतो, म्हणून लांब उंच चेंडूवर तो चुकत नाही. जाळ्याच्या टोकाला लागून दिशा बदललेला चेंडू मात्र त्याला गोंधळात टाकतो. फक्त बॉटशी खेळत राहिलात तर जाळ्याच्या टोकाला मारायची खोड लागते आणि माणसासमोर ती कामाची नाही.

चित्रं जुनाट आहेत, आवाज दोन दिवसांत बंद कराल. चेंडू पडद्याच्या वर निघून गेला की वरच्या कडेला खूण दिसते, तेवढ्यावर अंदाज बांधावा लागतो. चेंडूची सावली दाखवायचा पर्याय चालू ठेवला तर हे बरंच सोपं होतं. नव्या माणसाला शिकवताना वेग एक पायरी खाली घ्या. चेंडू आणि ब्लॉबी दोन्ही सारखेच मंदावतात, त्यामुळे तिथे बसलेला हात पुढे नेहमीच्या वेगातही कामाला येतो.