दिवाळखोरीतील खाणकंपनी: जुना समभाग, रोखा की नवा समभाग?

अमेरिकेतील खाणकंपनीने दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर ११’खाली, म्हणजे कामकाज चालू ठेवून कर्जाची पुनर्रचना करण्यासाठी, न्यायालयाचे संरक्षण मागितले, तरी तिच्या खाणी बहुधा चालूच राहतात, कामगार पाळीवर येतात, माल विकला जातो, आणि त्यामुळेच पडलेल्या भावात समभाग घेण्याचा मोह होतो. तो निर्णय घेण्यापूर्वी पीबॉडी एनर्जी या कोळसा कंपनीचे काय झाले, हे जरूर तपासावे.

पीबॉडीने २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅकार्थर कोल ही कंपनी मुख्यतः कर्ज काढून विकत घेतली. त्यानंतर कोळशाचे भाव कोसळले, स्वस्त नैसर्गिक वायूमुळे वीजकेंद्रांकडील मागणी आटली, आणि १३ एप्रिल २०१६ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

जुन्या समभागाबाबत माझे मत स्पष्ट आहे: तो घेऊ नये. त्या वर्षी चीनने खाणकामाचे दिवस घटवले, उत्तरार्धात पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा टनामागे ३०० डॉलरच्या पुढे गेला आणि पीबॉडीचा जुना समभागही अनेक पटींनी चढला. परंतु ज्यांचे कंपनीकडे येणे आहे त्या सर्वांचे पैसे चुकते झाल्यावर काही उरले, तरच भागधारकाची पाळी येते. येथे ती आलीच नाही. एप्रिल २०१७ मध्ये कंपनी पाच अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उतरवून दिवाळखोरीतून बाहेर पडली, तेव्हा जुने समभाग मोबदल्याविना रद्द झाले. आर्च कोल या दुसऱ्या अमेरिकी कोळसा कंपनीच्या भागधारकांनाही २०१६ मध्ये हाच अनुभव आला होता.

रोखेधारकांची, म्हणजे रोखे घेऊन कंपनीला कर्ज देणाऱ्यांची, स्थिती बरी असली, तरी सर्वांची सारखी नसते. पहिले तारण, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवर पहिला हक्क, असलेल्यांची वसुली झाली. त्यांच्याखालच्यांना मुख्यतः नव्या कंपनीची मालकी मिळाली. त्यातही सवलतीच्या दरातील समभागांचा मोठा वाटा पुनर्रचनेच्या योजनेला आधीच पाठिंबा देणाऱ्या बड्या रोखेधारकांकडे गेला. काही छोट्या रोखेधारकांनी त्याविरुद्ध दाद मागितली, पण २०१९ मध्ये अपील न्यायालयानेही योजना कायम ठेवली. म्हणून छोट्या गुंतवणूकदाराने केवळ रोख्याची पायरी पाहून भागणार नाही. वाटाघाटीत आपले कोणी आहे का, हेही पाहावे.

पुनर्रचनेनंतर निघणाऱ्या नव्या समभागामागे हलका, म्हणजे कमी कर्जाचा, ताळेबंद असतो, मात्र कोळशाच्या भावाची जोखीम तशीच राहते. पीबॉडीचा नवा समभाग २०२० मध्ये काही काळ एका डॉलरच्याही खाली होता, तर २०२२ च्या तेजीत तीस डॉलरच्या वर गेला. शिवाय खणलेली जमीन पूर्ववत करण्याचे दायित्व पुनर्रचनेनंतरही चालू खाणींबरोबर येते. त्यासाठी किती हमी बांधली आहे, हे खरेदीपूर्वी वार्षिक अहवालात वाचावे.