मन उदास असताना चिनी संगीत: नुसतं ऐकावं, गुझंग शिकावं की गुचिन?

चीनमधल्या विद्यार्थ्याला, मग तो तिथला असो की एमबीबीएससाठी आपल्याकडून गेलेला, अभ्यासात मन लागेनासं झालं की नुसतं ऐकणं, किंवा गुझंग वा गुचिन ही चिनी तंतुवाद्यं शिकणं, हे तीन पर्याय कुणी ना कुणी सुचवतंच.

ऐकणं सर्वांत स्वस्त आणि सोपं. 'ह्वांगदी नेइजिंग' या प्राचीन वैद्यकग्रंथात पाच स्वर पाच अवयवांशी, आणि त्यामार्फत भावनांशी, जोडले आहेत: ज्वे यकृताशी, शांग फुप्फुसांशी, वगैरे. त्यावरूनच 'या भावनेला ही धून' अशा याद्या निघाल्या. हे पाच स्वर म्हणजे आपल्या भूपातले सा रे ग प ध, त्यामुळे मराठी कानाला ते परके वाटत नाहीत. यादीला मात्र फार बांधून घेऊ नका. तिच्या बाजूचे बरेच अभ्यास लहान आहेत. ज्या धुनेनं श्वास संथ होतो, ती आपली. खरी अडचण वेगळीच आहे: खोलीत पडून ऐकता येतं, आणि उदास मुलाला खोलीतून बाहेरच पडायचं नसतं.

म्हणून माझा कौल गुझंगला. साधारण 21 तारा, प्रत्येकीखाली सरकती घोडी (तारेला उचलून धरणारा आधार), आणि मोकळ्या तारा याच पाच स्वरांत लावलेल्या. बोटांना चिकटपट्टीनं नख्या बांधून नुसता हात फिरवला, तरी पहिल्याच दिवशी सुरेल वाजतं. काहीच जमत नाही असं वाटणाऱ्या मुलाला याचं मोल फार. शिवाय ठरलेल्या वेळी क्लासला जावं लागतं, चार माणसं भेटतात.

गुचिनला सातच तारा आणि इतका हळू आवाज, की होस्टेलात शेजाऱ्याची तक्रार यायची नाही. अकराव्या शतकातल्या ओउयांग श्यू या विद्वानानं लिहून ठेवलंय: विश्रांतीनंही न हटलेली खिन्नता मित्राकडे हे वाद्य शिकता शिकता विसरायला झाली. पण जुन्या स्वरलिपीत तार आणि बोट कळतं, लय नेमकी कळत नाही. प्रगती सावकाश होते. मन थोडं सावरल्यावर याकडे वळावं.

2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (उपचारांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल) नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यावर नैराश्य अधिक कमी झालेलं दिसलं, निदान अल्पकाळ तरी. जोड, बदली नव्हे. उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर आधी डॉक्टर किंवा कॉलेजचा समुपदेशक गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, आणि तोवर एकटं राहू नका.