वेगवेगळ्या नंबरांच्या भागांतून उभी केलेली ली-एनफील्ड नं. ४: काही महिन्यांच्या वापरानंतर

नं. ४ ही दुसऱ्या महायुद्धातली .३०३ ची ब्रिटिश लष्करी रायफल. माझ्या रायफलीचा रिसीव्हर (मधला धातूचा सांगाडा) इंग्लंडमधल्या फझाकर्ली कारखान्याचा, मार्क १ म्हणजे पहिल्या आवृत्तीचा. बोल्ट (मागेपुढे सरकून चेंबर बंद करणारा दांडा) कॅनडातल्या लाँग ब्रँच कारखान्याचा, फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीच्या रायफलीवरचं, दस्ता बीच लाकडाचा आणि मॅगझिन कुठलं ते सांगता येत नाही. रायफल परवान्यावर आहे. काही महिने रेंजवर नियमित वापरल्यानंतर माझं मत ठाम आहे: भागांवरचे नंबर न जुळणं हा दोष नाही, माप न जुळणं हा दोष आहे. यातली काही मापं लाकडावर अवलंबून असल्याने ती अधूनमधून परत तपासावीच लागतात.

भाग गोळा करण्याआधी शिक्के वाचा. ‘डी.पी.’ म्हणजे फक्त कवायतीसाठी. असा शिक्का रिसीव्हरवर, नळीवर किंवा बोल्टवर दिसला तर तो भाग गोळीबारासाठी वापरायचा नाही. वरून धडधाकट दिसला तरीही नाही.

दस्ता काढताना फोरएंड आधी उतरवा. दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टचं चौकोनी टोक काही रायफलींत फोरएंडच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं. ते तसंच फिरवलं की फोरएंड मागून चिरतं. बाजारात मिळणारी काही चिरलेली फोरएंड अशीच बरबाद झालेली असतात.

आता बोल्ट. नं. ४ चे लॉकिंग लग (बोल्टला रिसीव्हरमध्ये अडकवून धरणारे उंचवटे) मागच्या बाजूला असतात आणि दोन्ही लग रिसीव्हरवर सारखे टेकायला हवेत. लगांना मार्किंगची शाई लावून बोल्ट काही वेळा बंद-उघड करा. एकाच लगवरची शाई पुसली गेली, तर दुसरा लग भार घेत नाही. अशा वेळी कानस लावण्यापेक्षा दुसरा बोल्ट बघावा. मीही तेच केलं आणि दुसऱ्या बोल्टवर दोन्ही लग बसले.

हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस टेकतं तिथपर्यंतची जागा. ती बोल्ट हेड (बोल्टचा पुढचा सुटा भाग) बदलून जुळवतात. हेडवर ० ते ३ असे नंबर असतात आणि नंबर वाढला की हेड लांब होतं. पण एकाच नंबराच्या दोन हेडांतही फरक निघतो, म्हणून नंबरावर विसंबू नका, मायक्रोमीटर लावा. .३०३ चं काडतूस रिमवर (बुडाच्या कडेवर) टेकतं, त्यामुळे इथलं माप रिमच्या जागेचं असतं. लष्करी मर्यादेप्रमाणे ०.०६४ इंचाच्या गेजवर (काडतुसाच्या जागी घालायच्या मापाच्या तुकड्यावर) बोल्ट बंद व्हायला हवा, ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. गेज घालताना एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) आणि स्ट्रायकर (काडतुसावर आदळणारी सुई) काढून ठेवा, आणि हँडल फक्त बोटाच्या जोराने दाबा. जोर केलात तर गेज खोटं बोलतं. हेड पूर्ण फिरवल्यावर बोल्टच्या रेषेपुढे साधारण २० अंशांपेक्षा जास्त जात असेल, तर ते हेड त्या बोल्टला चालत नाही. स्ट्रायकरचं टोक हेडच्या तोंडातून ०.०४० ते ०.०५० इंच बाहेर आलं पाहिजे. कमी आलं तर प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पेटवणारी टोपी) फुटत नाही, जास्त आलं तर भेदला जातो.

हेडस्पेस मापात असूनही पुंगळ्यांवर लक्ष ठेवा. या रायफलींचे चेंबर खांद्याकडे मुद्दाम सैल ठेवलेले असतात, त्यामुळे पुंगळी तिथे फुगते आणि बुडाच्या जरा वर ताणली जाते. तिथे चकचकीत वलय दिसलं, किंवा टोक वाकवलेली तार आतून फिरवल्यावर खाच लागली, तर ती पुंगळी फेका. पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांनी (रीलोड) फक्त मान परत मापात आणली की पुंगळ्या बऱ्याच जास्त टिकतात.

सगळ्यात वेळ फोरएंडने खाल्ला आणि तो देण्यासारखाच होता. लाकडाच्या मागच्या टोकाला जे दोन खांदे असतात, ते रिसीव्हरला मागून घट्ट टेकले पाहिजेत. प्रत्येक धक्का तेच झेलतात. जुन्या फोरएंडमध्ये हे खांदे तेलाने मऊ पडून दबलेले असतात. मऊ भाग कापून तिथे कठीण लाकडाचे तुकडे इपॉक्सीने बसवा. तंतूंची टोकं धातूकडे असावीत, म्हणजे तुकडा दबत नाही. पुढे नळीला फक्त चेंबरजवळच्या जाड भागाला आणि अगदी टोकाला आधार हवा. मध्ये कुठेही लाकूड लागता कामा नये. टोकाला वरच्या दिशेने दाब २ ते ७ पौंड असावा. नळीला वजनकाटा अडकवून ती लाकडापासून सुटेपर्यंत वर ओढा, सुटते त्या क्षणीचा आकडा म्हणजे दाब.

ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती एक नळकांडं असतं. लाकूड आकसलं की ते लाकडापेक्षा लांब पडतं आणि स्क्रू कितीही आवळला तरी फोरएंड सैल राहतं. मार्क १ मध्ये चाप ट्रिगर गार्डवर टांगलेला असतो, म्हणून लाकूड हललं की चापाचा ताणही बदलतो. मार्क २ मध्ये तो रिसीव्हरवर नेला, तो याच कारणाने. कोरड्या हवेत या रायफलीच्या चापाच्या ओढीचा दुसरा टप्पा जड झाला, कारण गार्ड वर सरकला होता. नळकांडं किंचित घासून आणि गार्डखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) देऊन तो ताळ्यावर आला.

लाकडाला पॉलिश पेपर लावू नका, शिक्के जातात. खोलगट भाग ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवून वर येतात. नंतर जवसाचं कच्चं तेल, पातळ हात, प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळू द्यायचं. तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

जुन्या साठ्यातली काडतुसं वापरली तर त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओता. त्यांच्या प्रायमरमधलं पोटॅशियम क्लोरेट क्षार मागे ठेवतं आणि तो साध्या सॉल्व्हंटने जात नाही. त्यानंतर नळी कोरडी करून तेलाचा हात.

मॅगझिनने थोडा त्रास दिला. ओठ किंचित जास्त उघडे असल्याने पुढचं काडतूस वर उसळायचं, ते चिमट्याने थोडे आत घेतल्यावर थांबलं. भरताना मात्र वरच्या काडतुसाचा रिम खालच्याच्या पुढे असला पाहिजे, नाहीतर अडकतं.

गोळ्या वर जात होत्या, म्हणून नेम धरायच्या पुढच्या साइटचं पातं बदललं. पाती ०.०१५ इंचांच्या टप्प्यात मिळतात. एक टप्पा उंच घेतला की १०० यार्डांवर मारा जवळपास २ इंच खाली येतो. दोन टप्पे उंच घेतल्यावर उंची जुळली, पण पातं बदलण्याआधी फोरएंडचा दाब पुन्हा मोजा, कारण तो बदलला की झीरोही (जुळवलेला नेम) हलतो.