ब्रँडचा रंग स्क्रीनवर किती वापरावा? तीन वाटांची तुलना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी स्टॉकचं ॲप असो, मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीचं बिलिंग असो, नाहीतर कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन दुकान. पहिल्याच बैठकीत मालक लोगो पुढे ठेवतात आणि म्हणतात, "सगळं आमच्याच रंगात पाहिजे बघा." मागणी रास्त आहे. प्रश्न एवढाच, की तो रंग स्क्रीनवर कुठं आणि किती लावायचा. त्याच्या तीन वाटा आहेत.

लोगोतले रंग जसेच्या तसे

ही सर्वांत स्वस्त आणि झटपट वाट. दुकानाची पाटी, पिशवी, व्हिजिटिंग कार्ड आणि ॲप एकाच रंगात दिसतात, गिऱ्हाइकाला ओळख पटते. अडचण येते ती अक्षरांची. लोगो हा मोठा आकार असतो, तो लांबूनही कळतो. बटणावर मात्र बारीक मजकूर बसवायचा असतो. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या सुगम्यता निकषांनुसार साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ काँट्रास्ट (उजळपणातला फरक) लागतो, मोठ्या अक्षरांना ३ : १. स्पॉटिफायच्या ओळखीच्या हिरव्यावर पांढरी अक्षरं ठेवली तर हे गुणोत्तर ३ च्याही खाली राहतं, त्याच हिरव्यावर काळी ठेवली तर ८ च्या वर जातं. गुगलच्या लोगोतल्या निळ्यावर पांढरी अक्षरं सुमारे ३.६ वर अडकतात. त्यांच्या वेबवरच्या बटणांसाठी रूढ असलेला निळा त्याहून गडद आहे आणि तो ४.५ गाठतो. एवढी मोठी कंपनी लोगोची शेड आणि बटणाची शेड वेगळी ठेवते, मग आपण दोन्ही शेडच्या एकसारखेपणाचा हट्ट धरण्याचं कारण नाही.

सोनेरी पिवळा लोगो असेल तर ही वाट सोडूनच द्या. पिवळ्यावर पांढरं भर दुपारी यार्डात कुणालाही वाचता येणार नाही.

मोठ्या कंपनीचं तयार पॅलेट

आयबीएमची कार्बन आणि गुगलची मटेरियल या दोन्ही डिझाइन सिस्टिम, म्हणजे रंग, अक्षरं, बटणं यांचे तयार संच, खुल्या परवान्याखाली मिळतात. छोट्या टीमसाठी कार्बनची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिचा हिशेब. प्रत्येक रंगाच्या १० ते १०० अशा पायऱ्या आहेत, आणि दोन शेडमध्ये ५० चं अंतर ठेवलं की ४.५ चा काँट्रास्ट मिळतोच. नवख्या मुलालाही तोंडी वजाबाकी करून कळतं की हे अक्षर वाचता येईल का. करडे रंग, चूक-इशारा-यश यांचे रंग, डार्क थीम, सगळं तपासून तयार असतं.

तोटा ओळखीचा. जसंच्या तसं वापरलं तर तुमचं ॲप आणखी शंभर ॲपसारखं दिसेल. आणि तयार पॅलेट घेणं वेगळं, एखाद्या कंपनीची ओळख असलेला रंग उचलणं वेगळं. काउंटरवरच्या क्यूआर स्टिकरचा जांभळा म्हणजे फोनपे, हे आपल्याकडे पोरालाही माहीत आहे. पैसे घेणाऱ्या दुसऱ्या ॲपनं तोच जांभळा सगळीकडे फासला तर लोक फसतील. शिवाय ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ मध्ये चिन्हाच्या व्याख्येत रंगसंगतीही धरलेली आहे. डिझाइन सिस्टिमचा परवाना कंपनीचा लोगो वापरायची मुभा देत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आपल्या रंगातून काढलेल्या छटा

२०२१ मध्ये आलेल्या मटेरियलच्या तिसऱ्या आवृत्तीत एक मूळ रंग दिला की ० ते १०० अशा टोनची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची, पट्टी तयार होते. उजेडी थीममध्ये मुख्य रंग ४० व्या टोनवर, डार्कमध्ये ८० व्या टोनवर बसतो. वाचनीयता सांभाळली जाते, पण रंग बदलतो. गुळाचा सोनेरी पिवळा ४० वर आला की तपकिरी, शेवाळी दिसतो. मालक म्हणणार, "हा आमचा रंग नव्हे." तेव्हा पिवळा स्क्रीनच्या वरच्या पट्टीत किंवा चित्रात ठेवावा, त्यावर काळी अक्षरं द्यावीत, आणि बटणाला गडद तपकिरी. गुळाच्या धंद्याला तो शोभतोही.

खरी पंचाईत लाल ब्रँडची. 'जतन करा' लाल, 'काढून टाका' लाल आणि चूक झाल्याचा संदेशही लाल, म्हणजे घाईत असलेल्या माणसानं काय दाबावं? लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांची तर त्यात आणखी फरफट. अशा वेळी मी लाल फक्त लोगो आणि शीर्षपट्टीत ठेवते, मुख्य बटण गडद करड्याचं करते, आणि धोक्याच्या बटणावर चिन्ह व शब्द दोन्ही देते. रंग एकटा कधीच निरोप्या नसावा.

मराठी स्क्रीनसाठी एक गोष्ट मी हट्टानं सांगते. ४.५ हा आकडा रंगांवरून निघतो, लिपीकडे तो बघत नाही. आपल्या अक्षरांतले अनुस्वार, उकार, रफार बारीक असतात आणि फिक्या रंगात तेच आधी विरतात. फाउंड्रीत धुळकट काचेच्या फोनवर पावती वाचणाऱ्यासाठी मजकुराला ७ : १ ठेवा. तोच निकषांतला वरचा स्तर आहे.

मग निवड कशी? लोगो गडद निळा, मरून किंवा गर्द हिरवा असेल आणि स्क्रीन मोजक्या, तर पहिली वाट पुरते, फक्त डार्क मोडला फिकी छटा वेगळी काढा. दिवसभर आकडे भरायचं काम असेल, तर कार्बनसारख्या पट्टीतले करडे आणि स्थितीदर्शक रंग घेऊन मुख्य रंग तेवढा आपला बसवा. इथल्या बहुतेक कामांना मी हेच सुचवते. चपलांच्या दुकानासारखं ग्राहकांसमोरचं काम असेल तर तिसरी वाट धरा, पण निघालेल्या छटा मालकांच्या फोनवर, दुकानाच्या पायरीवर उन्हात उभं राहून दाखवल्याशिवाय पक्क्या करू नका.