पहिलं रोमन नाणं: चांदीचा डिनेरियस घ्यावा की कॉन्स्टंटाइनच्या काळातलं ब्राँझ?

रोमन नाणी जमवायची ठरवली की सुरुवातीची निवड बहुधा दोघांत अडते. एकीकडे दुसऱ्या शतकातल्या सम्राट अँटोनायनस पायसचा डिनेरियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, दुसरीकडे चौथ्या शतकातलं, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचं छोटं ब्राँझ. एका बऱ्या डिनेरियसच्या पैशांत अशी तीन-चार ब्राँझ सहज येतात. पण किमतीआधी एक ठरवा: राजाचा चेहरा न्याहाळायचाय, की नाणं वाचायला शिकायचंय?

चेहऱ्यासाठी डिनेरियसला तोड नाही. जेमतेम १७-१८ मिलिमीटर व्यास आणि सव्वातीन ग्रामच्या आसपास वजन, तरी पायसच्या दाढीच्या बटा सुट्या मोजता येतात. नाण्यावर कोरलेल्या अक्षरांत ‘सीओएस’पुढे चार उभ्या रेघा असतील तर तो चौथ्यांदा कॉन्सल (रोमचं सर्वोच्च पद) झाल्यानंतरचा, म्हणजे इ. स. १४५ ते १६१ मधला. ‘टीआर पी’ म्हणजे सम्राटाला दरवर्षी नव्याने मिळणारी ट्रिब्यूनची सत्ता; तिच्यापुढे आकडा असेल तर काळ वर्षभराच्या टप्प्यात येतो.

डिनेरियसमध्ये फसगतही जास्त. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी नाणी रोमन काळातच बनत. नाक, कान, कड अशा झिजलेल्या जागी लालसर झाक दिसते, वजनही कमी भरतं. आजची ओतीव नक्कल भिंगाखाली साबणासारखी गुळगुळीत दिसते, बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि कडेला कानशीने घासलेला सांधा. सगळ्यात घातक म्हणजे नव्या ठशाने ठोकलेली नक्कल. ती ओळखायला विकल्या गेलेल्या नाण्यांचे फोटो शेजारी ठेवा. दोन नाण्यांवर ठसा एकाच बाजूला तेवढाच सरकलेला आणि कडेची चीरही तीच असेल, तर दोन्ही सोडा. हाताने ठोकलेल्या नाण्यांत असं जुळत नाही. सोनाराकडचा ०.०१ ग्रामचा काटा आणि दहापट भिंग आधी घ्या, नाणं नंतर.

ब्राँझचा चेहरा साचेबद्ध असतो, हे मान्य. पण ते वाचण्यात जो आनंद आहे तो चांदीत नाही. ‘ग्लोरिया एक्सर्सिटस’ (सैन्याचा गौरव) हा प्रकार घ्या. दोन सैनिक समोरासमोर उभे, मध्ये ध्वज. इ. स. ३३०पासून दोन ध्वज, ३३५च्या सुमारास एकच उरला, आणि वजनही अडीच ग्रामवरून दीडपर्यंत घसरलं. सैनिकांच्या पायाखालच्या रेघेखाली टांकसाळीची खूण असते. तिथे ‘एसएमएएन’ दिसलं तर अँटिऑक (आजच्या तुर्कस्तानात). ‘टीआरपी’ असेल तर ट्रियरच्या (आजच्या जर्मनीत) टांकसाळीची पहिली कार्यशाळा. डिनेरियसवरच्या अक्षरांतलं ‘टीआर पी’ वेगळं, ती ट्रिब्यूनची सत्ता. नवशिक्यांची गल्लत इथेच होते. म्हणून ब्राँझ घेताना चेहरा थोडा झिजलेला चालेल, पायाखालची अक्षरं मात्र पूर्ण हवीत.

ब्राँझचा शत्रू दमट हवा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. नाण्याच्या पोटातले क्लोराइड क्षार ओल मिळताच जागे होतात आणि फिकट हिरवी पूड वर येते; यालाच ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात. टाचणी लावून बघा: चांगला हिरवा थर टणक असतो, रोगाची पूड लगेच झडते. पूड खरवडा, नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवून आठवड्याला पाणी बदला, पूर्ण सुकवा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत वेगळं ठेवा. डब्यातली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत हवी. पितळेच्या भांड्यासारखं चिंच-मीठ लावून उजळवलंत, तर थरासकट अक्षरंही जातात. पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं दोन्ही धातूंना वाईट. एवढी निगा जमणार नसेल तर सरळ चांदी घ्या. तीही जपून हाताळा. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते आणि फरशीवर पडली तर तडकते.

तिसरा पर्याय फारसा कुणी सुचवत नाही: सम्राट तिसऱ्या गॉर्डियनचा (२३८-२४४) अँटोनिनिआनस, म्हणजे डिनेरियसहून मोठं, चांदीमिश्रित नाणं. डोक्यावर किरणांचा मुकुट, बावीस-तेवीस मिलिमीटरचा ऐसपैस चेहरा, चांदी निम्म्याहून थोडी कमी, आणि भाव बहुधा डिनेरियसपेक्षा खाली. पुढे सम्राट गॅलिएनसच्या एकट्याच्या राज्यात (२६०-२६८) याच नाण्यात नावापुरतीच चांदी उरली. ते चांदीच्या भावात घेऊ नका.

आमचा कौल: हवा कोरडी असेल तर स्वच्छ केलेली, ओळख पटलेली दोन-तीन ब्राँझ आधी, मग गॉर्डियन, मग डिनेरियस. मातीसकट मिळणारे न धुतलेले ढीग पहिल्या वर्षी नकोत; चांगली नाणी त्यांतून आधीच वेचलेली असतात.

ऑगस्टस आणि टायबेरियसच्या डिनेरियसचे मोठे साठे दक्षिण भारतात सापडले आहेत, त्यामुळे ‘शेतात सापडलं’ म्हणून नाणं पुढे करणारे भेटतात. १८७८च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे परदेशातल्या नातेवाइकांना भेट द्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा. पावती घ्या, तिच्यावर राजा, नाण्याचा प्रकार आणि वजन लिहून घ्या, आणि ती नाण्यासोबतच ठेवा.