डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन आणि मालवेअरबाइट्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

घरात सगळेच वापरतात त्या कॉम्प्युटरवर विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटीव्हायरसने 'हॅकटूल' सापडल्याचा इशारा दिला, तेव्हापासून त्याचा ऑफलाइन स्कॅन आणि मालवेअरबाइट्स हा दुसरा अँटीव्हायरस, ही जोडी वापरतेय. दोन्ही फुकट आहेत आणि मी दोन्हींवर खूश आहे. पण त्यांच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवायची, ते आधी समजून घ्या.

'हॅकटूल' या गटात बरंच काही येतं. विंडोज किंवा ऑफिस परवान्याशिवाय चालू करून देणारे ऑटोकेएमएससारखे अ‍ॅक्टिव्हेटर येतात आणि मिमिकॅट्झही येतं. बेंजामिन डेल्पी यांनी २०११ मध्ये आणलेलं हे साधन विंडोजमध्ये लॉगिन सांभाळणाऱ्या एलसॅस प्रोसेसच्या मेमरीतून पासवर्ड काढतं. म्हणून इशाऱ्यातलं पूर्ण नाव वाचा, मगच किती घाबरायचं ते ठरवा.

ऑफलाइन स्कॅन मला सर्वांत भरवशाचा वाटतो. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रामला आडवं यायची संधी मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा. काय सापडलं ते नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी'त दिसतं.

त्याआधी एक गोष्ट जरूर बघा, ती म्हणजे डिफेंडरच्या सेटिंगमधली 'एक्सक्लूजन'ची यादी. असे प्रोग्राम पुष्कळदा स्वतःचं फोल्डर तिथे घालून ठेवतात आणि मग नेहमीचा स्कॅन ते वगळून पुढे जातो. आपण न टाकलेली नोंद दिसली तर लगेच काढा.

मालवेअरबाइट्स मी दुसरं मत म्हणून वापरते. ट्रायल संपल्यावर मोफत आवृत्ती सतत पहारा देत नाही, सांगू तेव्हाच तपासते. एवढ्या कामाला ती पुरेशी आहे.

आता खरं महत्त्वाचं. स्कॅनने फाइल जाते, पण चोरीला गेलेले पासवर्ड परत येत नाहीत. लुमासारखे चोर प्रोग्राम ब्राउझरमधले पासवर्ड तर नेतातच, शिवाय लॉगिन टिकवणाऱ्या कुकीजही नेतात. ती कुकी हाती असली की पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने लुमावर कारवाई केली, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत त्याची लागण झालेले विंडोज कॉम्प्युटर ३,९४,००० हून जास्त निघाले होते.

म्हणून पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून बदला. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड रीसेट होतात ते तिथूनच. प्रत्येक खात्यात 'सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट' करा. रिकव्हरीचा ईमेल, फोन नंबर आणि मेल फॉरवर्डिंगचे नियम कोणी बदललेत का, तेही पाहा. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढून टाका.

इशारा अ‍ॅक्टिव्हेटरचा असेल तर ही जोडी आणि पासवर्ड बदलणं एवढ्यावर मी थांबेन. लुमा किंवा त्याच जातीच्या रेडलाइनचं नाव दिसलं तर मात्र मी फक्त कागदपत्रं आणि फोटो बाजूला काढते आणि विंडोज नव्याने टाकते, स्कॅन स्वच्छ आला तरीही.