आकडा बरोबर होता, पिकअप खोटे होते

मे महिन्यात माझ्या एका विद्यार्थ्याचे ₹11,500 बुडाले. पैसे त्याचे, पण पिकअप (इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसणारे, चुंबक आणि बारीक तारेच्या वेढ्यांचे, तारांची थरथर विजेत बदलणारे भाग) निवडले मी, विकणाऱ्याशी बोलले मी आणि "घे रे, काही हरकत नाही" असं म्हणालेही मीच. म्हणून हे लिहायची जबाबदारी माझी आहे. ठाण्यात मी बारा वर्षं गिटार शिकवते. पिकअपमधलं मला बऱ्यापैकी कळतं असं समजत होते, आणि नेमकं त्या समजावरच त्या माणसाचं फावलं.

त्या मुलाकडे जुनी एपिफोन लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार आहे. आवाज गढूळ यायचा, नेकवर (गिटारच्या मानेकडच्या पिकअपवर) तर दोन तारा एकदम छेडल्या की नुसता लगदा. पहिल्या नोकरीच्या पगारातून त्याने पिकअप बदलायचं ठरवलं. आम्ही दोघांनी तीन-चार संध्याकाळी तुलना केली. सीमोर डंकन कंपनीचा जेबी बघितला, त्याचा रोध (गुंडाळलेली तार विजेला करते तो अडथळा) साधारण 16 किलोओहम. डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन बघितला, 1972 पासूनचा, सिरॅमिक चुंबकाचा, 13 च्या वरचा. दोन्ही दणदणीत, पण हा मुलगा वाजवतो ब्लूज, व्हॉल्यूम सहावर ठेवून बोटांनी आवाज चढवतो-उतरवतो. त्याला जुन्या गिब्सनच्या वळणाचा, कमी वेढ्यांचा पिकअप हवा होता. म्हणून सीमोर डंकनचा फिफ्टी-नाइन ठरला: अल्निको 5 या मिश्रधातूचा चुंबक, ब्रिजचा (खालच्या टोकाकडचा) 8 किलोओहमच्या आसपास, नेकचा साडेसातच्या आत-बाहेर. निवड चुकली नव्हती, आजही मी त्याला हेच सांगेन.

सेट वापरलेल्या वस्तूंच्या जाहिरातीत सापडला, नव्याच्या जवळपास निम्म्या भावात. विकणारा दुसऱ्या शहरातला, पण छान मराठी बोलणारा. "ताई, खोक्यातून काढला आणि परत ठेवला, गिटारला लावलेलाच नाही." मी म्हटलं, मल्टिमीटर लावून व्हिडिओ पाठवा. दहा मिनिटांत व्हिडिओ हजर. ब्रिज 8.13, नेक 7.48. आकडे इतके चपखल बसले की मी पुढे काही विचारलंच नाही. मुलाने यूपीआयने पैसे पाठवले, पाचव्या दिवशी कुरिअर आलं.

मी स्वतः सोल्डर केलं. सीमोर डंकनच्या चार वायरींच्या पिकअपमध्ये काळी आणि पांढरी ही एका कॉइलची, म्हणजे तारेच्या गुंडाळीची, दोन टोकं, हिरवी आणि लाल दुसऱ्या कॉइलची. लाल-पांढरी एकमेकींना जोडायच्या, काळी व्हॉल्यूमकडे, हिरवी आणि उघडी वायर अर्थला. तसंच जोडलं. अँप चालू केला आणि घूंऽऽ असा आवाज खोलीभर. ट्यूबलाइटकडे तोंड केलं की वाढायचा, पाठ केली की कमी व्हायचा. अशा दुहेरी पिकअपला हमबकर म्हणतात, त्यात दोन कॉइल असतात त्या यासाठीच: वेढे उलटे, चुंबकाची बाजू उलटी, त्यामुळे तारेचा सूर एकमेकांत मिळतो आणि विजेची 50 हर्ट्झची घरघर एकमेकांत विरते. इथे ती विरत नव्हती.

विकणाऱ्याला विचारलं. "वायरिंग चुकलं असणार ताई, जरा परत बघा." आणि मी खरंच परत बघितलं, दोन वेळा सगळं उसवून. त्याच्यावर संशय घ्यायच्या आधी मी स्वतःवर घेतला, यात माझे चार दिवस गेले.

शेवटी दादरला एक काका गिटारी दुरुस्त करतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी पिकअप गिटारमधून काढला, चारही वायरी सुट्या केल्या आणि एकेक जोडी मीटरवर लावली. काळी-पांढरी: काहीच नाही, मीटर मोकळा. लाल-पांढरी: 4.05. काळी-हिरवी: 4.08. म्हणजे रंग सीमोर डंकनचे, पण आतली जोडणी निराळी. लाल आणि पांढरी एकत्र करून मी एक अख्खी कॉइल बंद पाडली होती आणि उरलेल्या एकाच कॉइलवर गिटार वाजत होती. घरघर तिथून येत होती.

मग मी तो व्हिडिओ पुन्हा उघडला. क्लिपा दिसत होत्या, मीटर दिसत होता, पण वायरींचे रंग चौकटीच्या बाहेर. पहिल्यांदा बघताना ते माझ्या डोळ्यात आलंच नव्हतं.

काकांनी वायरी योग्य जोडून दिल्या. घरघर थांबली. आवाज मात्र पातळ, टिनच्या डब्यात वाजवल्यासारखा. आकडा तर 8.13 च होता! इथे काकांनी जे समजावलं ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. रोध सांगतो आत गुंडाळलेली तार किती लांब आणि किती जाड आहे, एवढंच. पिकअपची ताकद वेढ्यांच्या संख्येवर आणि चुंबकावर. जुन्या वळणाच्या हमबकरमध्ये 42 नंबरची तार असते, एका बॉबिनवर (तार गुंडाळायच्या रिळावर) साधारण 5000 वेढे. तिथे एक नंबर बारीक, 43 ची तार गुंडाळली की कितीतरी कमी वेढ्यांत तोच ओहमचा आकडा येतो. तांबं वाचतं, मशीनचा वेळ वाचतो आणि मल्टिमीटरला काही कळत नाही. नकली माल बनवणाऱ्याला ठाऊक आहे की आपण सगळे एकच आकडा ताडून बघतो, म्हणून तो तेवढा एकच जुळवतो.

काकांकडे एलसीआर मीटर होता. त्यावर इंडक्टन्स, म्हणजे वेढे कमी असले की कमी भरणारं माप, बघितलं: 100 हर्ट्झवर 2.7 हेन्री. या धाटणीचा पिकअप साधारण 4 ते 5 च्या मध्ये असायला हवा.

तरीही माझ्या मनात कुठेतरी होतं की अस्सल असेल, बिघडलेला असेल. मग त्यांनी पिकअप आडवा धरला, बॉबिन आणि बेसप्लेट यांच्या फटीतून दिसणारं चुंबकाचं टोक मला दाखवलं. राखाडी-काळं, खडूसारखं निस्तेज. "अल्निको धातू आहे, त्यातून वीज जाते. सिरॅमिकमधून नाही." दोन्ही प्रोब त्या टोकावर जवळजवळ टेकवले, मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे वीज आरपार गेली तर बीप वाजतो त्या खुणेवर. आवाज नाही. मग ड्रॉवरमधून एक जुना अल्निकोचा पिकअप काढून तिथेच टेकवले. बीऽऽप. पोरगं माझ्याकडे बघत होतं आणि माझी त्याच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

स्टिकर आणि खोक्यावर जाऊ नका. सेथ लव्हरने गिब्सनसाठी हमबकर तयार केला, 1955 मध्ये पेटंटचा अर्ज गेला, 1959 मध्ये ते मिळालं. त्यानंतर गिब्सनने लावलेल्या स्टिकरवर जो पेटंट क्रमांक होता, तो हमबकरचा नव्हताच, लेस पॉल या वादकाच्या टेलपीसचा, म्हणजे तारा अडकवायच्या भागाचा होता. अस्सल मालावरचा कागद जर असा, तर नकलीवरच्या कागदाला काय विचारायचं?

उलट्या बाजूनेही कुणावर अन्याय होऊ नये म्हणून दोन गोष्टी. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो, त्यामुळे 8.1 चा अस्सल पिकअप मेच्या दुपारी 8.5 दाखवू शकतो. आणि गिटारमध्ये बसवलेला पिकअप जॅकमधून मोजलात, तर व्हॉल्यूमच्या नॉबखालच्या 500 किलोओहमच्या पॉटमुळे आकडा थोडा कमीच येणार. जोरात वाजवल्यावर शिट्टी मारतो म्हणूनही नकली ठरवू नका, काही अस्सल पिकअप मुद्दाम मेणात न बुडवता बनवतात.

मी आता व्हिडिओ मागते तो असा: चारही वायरी सुट्या, रंग चौकटीत, दोन्ही कॉइलचा रोध वेगवेगळा मोजलेला, मग प्रोब चुंबकाच्या टोकावर, आणि हे सगळं न थांबवता एकाच चित्रणात. वर कव्हर असेल तर चुंबक दिसत नाही, मग प्रत्यक्ष भेटूनच घ्यायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर यासाठी पुरतो. विकणारा टाळाटाळ करायला लागला की मी बोलणं थांबवते.

आम्ही चुंबकाचा फोटो पाठवल्यावर आमचा विकणारा गायब झाला. जाहिरातही गेली. आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, पण तोवर बारा दिवस उलटले होते. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे तर पहिल्या काही तासांतच फोन जायला हवा. आमचे ते चार दिवस सोल्डर उसवण्यात गेले.

मी मुलाला पूर्ण पैसे द्यायला गेले. त्याने निम्मेच घेतले, म्हणाला, "ताई, ठरवलं दोघांनी मिळून होतं ना." एपिफोनचे मूळ पिकअप परत बसवलेत. गणपतीपर्यंत पुन्हा पैसे साठवतोय, आणि या वेळी दुकानातून, बिलासकट, फिफ्टी-नाइनच घेणार आहे.